नवी तारीख मागण्याआधी उरलेलं काम विचारा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. घरासमोरचा रस्ता भुयारी मेट्रोच्या स्थानकासाठी चार वर्षं पत्रे ठोकून बंद आहे. उद्घाटनाची तारीख तीनदा पुढे गेली. पत्र्यांच्या फटीतून डोकावलं तर आत मोजकीच माणसं दिसतात. विचारायला गेलं की 'तांत्रिक कारणं' एवढंच कानावर पडतं. हे लोक मुद्दाम खोटं बोलतात का, आणि आम्ही रहिवाशांनी आवाज उठवून काही उपयोग आहे का, हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे.

मी अशा कामांवर बरीच वर्षं नियोजन अभियंता होतो. वेळापत्रक बांधायचं, दर महिन्याला ते जागेवरच्या कामाशी ताडून पाहायचं, कुठे किती मागे पडलो ते लिहून वर पाठवायचं, हे माझं काम. त्यामुळे उशीर कागदावर आधी कुठे दिसू लागतो आणि लोकांपर्यंत किती उशिरा पोचतो, हे दोन्ही मी जवळून पाहिलं आहे. तुमचा राग मला रास्त वाटतो. तो योग्य ठिकाणी पोचला, तर त्याचा उपयोगही होतो.

तुमच्या तक्रारीत तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. गाडी ठरल्या वेळी सुरू झाली नाही, ही एक. रस्ता अडलेला आहे, त्यामुळे धूळ, आवाज, दुकानांचा बुडालेला धंदा, रुग्णवाहिकेला पडणारा वळसा, ही दुसरी. आणि कुणी खरं सांगत नाही, ही तिसरी. या तिन्हींची कारणं वेगळी, जबाबदार माणसंही वेगळी. पहिलीवर रहिवाशांचा जोर सगळ्यात कमी चालतो. दुसरीवर आणि तिसरीवर तो पुष्कळ चालतो. पण माझा अनुभव असा, की मोर्चा निघतो तो जवळजवळ नेहमी पहिलीसाठी.

पुढचं सगळं वाचताना एक लक्षात ठेवा. तुमच्या भागातली जमीन कशी आहे, पाण्याची पातळी किती वर आहे, कंत्राट कोणत्या पद्धतीचं आहे, पैसा नियमित येतोय का, यावर बरंच काही अवलंबून असतं. पक्क्या खडकातलं स्थानक आणि पाणी भरलेल्या गाळातलं स्थानक ही दोन वेगळी कामं आहेत. म्हणून तुमच्या ठिकाणी नेमकं काय अडलं आहे हे मी इथे बसून सांगू शकत नाही. ते कसं शोधायचं, हे सांगू शकतो.

आत माणसं दिसत नाहीत, इथून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त राग याचाच येतो. भुयारी स्थानक बांधायच्या दोन ठळक पद्धती आहेत. एकीत वरून खोदत तळ गाठायचा आणि मग खालून वर बांधत यायचं. दुसरीत आधी चारी बाजूंच्या काँक्रीटच्या भिंती जमिनीत उतरवायच्या, वरचा स्लॅब टाकायचा आणि मग त्या स्लॅबखाली एकेक मजला खोदत जायचं. या दुसऱ्या पद्धतीत स्लॅब पडला की काम नजरेआड जातं. वर एक-दोन मोकळ्या चौकटी राहतात, त्यांतून माती वर येते आणि सळ्या-सामान खाली जातं. रस्त्यावरून ओसाड दिसणाऱ्या जागेखाली मोठी पाळी कामाला असू शकते. पुष्कळ शहरांत अवजड डंपरना दिवसा बंदी असते, म्हणून मातीची वाहतूक रात्री चालते. तुम्ही सकाळी कामावर जाताना पाहता तेव्हा पाळी नुकतीच सुटलेली असते.

पण प्रत्येक वेळी हेच खरं असतं असं नाही. कधी काम खरोखर थांबलेलं असतं, आणि ते बाहेरूनही ओळखता येतं. रात्रीचे डंपर बंद होतात. काँक्रीटचे मिक्सर आठवडेच्या आठवडे फिरकत नाहीत. मोठी क्रेन परत जाते. क्रेन बहुधा भाड्याची असते, त्यामुळे ती परत गेली याचा अर्थ ठेकेदाराला पुढचे काही महिने तिचं काम दिसत नाही. आणलेल्या सळ्या उघड्यावर गंजत राहतात. मागे उरतात ते पाणी उपसणारे पंप आणि दारावरचे सुरक्षारक्षक. असं महिनाभर दिसलं तर अडचण बहुतेक जमिनीखाली नसते, कागदावर असते: बिल अडकलेलं असतं, सुधारित नकाशा मंजूर व्हायचा असतो, बाजूच्या जागेचा ताबा मिळालेला नसतो, नाहीतर जास्तीच्या खर्चावरून दोन्ही पक्षांत वाद पेटलेला असतो. तुमच्या इमारतीतल्या दोघा-तिघांनी अशा खुणांची तारीखवार नोंद ठेवली, तर पुढच्या बैठकीत तिचं वजन घोषणांपेक्षा जास्त पडेल. 'काम चालू आहे' हे मोघम उत्तर अशा नोंदीपुढे टिकत नाही.

आता वेळ जातो कुठे ते पाहू. बाहेरच्या माणसाला वाटतं, खोदाईत. प्रत्यक्षात भुयार खोदणारं यंत्र एकदा नीट चालू लागलं की त्याचा वेग बराच भरवशाचा असतो. पहिला मोठा वेळ जातो तो खोदाईच्या आधी, रस्त्याच्या पोटातल्या वाहिन्या हलवण्यात. जलवाहिनी, मलवाहिनी, गॅस, विजेच्या केबल, टेलिफोन, इंटरनेट. प्रत्येकीचा मालक वेगळा, प्रत्येकाचे नियम वेगळे, आणि त्यांच्याकडचे नकाशे अनेकदा चुकीचे. नकाशात नसलेली जुनी वाहिनी सापडली, तर ती चालू आहे की मेलेली हे कळेपर्यंत कुणी तिला हात लावत नाही, आणि लावूही नये. मालक शोधायचा, तो पाहणीला येणार, पर्यायी मार्ग सुचवणार, पुरवठा बंद ठेवायला एखादी रात्र ठरवून देणार. दोन मीटरच्या पाइपापायी दोन महिने जातात ते असे.

एडिंबराच्या ट्रामचं उदाहरण माझ्या क्षेत्रात वारंवार दिलं जातं. रस्त्याखालच्या वाहिन्या अपेक्षेपेक्षा खूप जास्त निघाल्या. त्यात ठेकेदार आणि ट्राम कंपनी यांचं जोखीम कुणाची यावरून बिनसलं आणि काम मधेच ठप्प झालं. २०११ मध्ये सुरू व्हायची ट्राम ३१ मे २०१४ ला धावली, तीही मूळ आखणीपेक्षा आखूड मार्गावर आणि ७७ कोटी ६० लाख पौंड खर्चून. हे कसं घडलं ते तपासणाऱ्या लॉर्ड हार्डी यांच्या चौकशीचा अहवाल यायला सप्टेंबर २०२३ उजाडला. सिडनीच्या मध्यवस्तीतल्या ट्रामचंही साधारण असंच झालं. विजेच्या केबलबाबतच्या अटींवरून वाद पेटला, बांधकाम मार्च २०१९ ऐवजी डिसेंबर २०१९ आणि एप्रिल २०२० अशा दोन टप्प्यांत पुरं झालं, आणि तडजोडीपोटी सरकारला ५७ कोटी ६० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मोजावे लागले. दोन्हीकडे मुळात अडचण एकच होती. रस्त्याखाली काय आहे हे पक्कं ठाऊक नसताना कंत्राटावर सह्या झाल्या, आणि 'निघालंच काही तर भुर्दंड कुणाचा' हा प्रश्न संदिग्ध राहिला.

वाहिन्यांनंतर जमीन. इथे मी उशिराची बाजू घेईन, आणि जोरानं घेईन. ॲमस्टरडॅमच्या उत्तर-दक्षिण मेट्रोचं काम २००३ मध्ये सुरू झालं तेव्हा २०११ ची भाषा होती. २००८ मध्ये एका स्थानकाच्या भिंतीतल्या दोषातून पाणी आणि वाळू आत घुसली, वरची जुनी घरं खचली, रहिवाशांना बाहेर काढावं लागलं. काम थांबवलं, तपासलं, पद्धत बदलली. मार्ग जुलै २०१८ मध्ये सुरू झाला आणि खर्च दुपटीहून अधिक झाला. शहर संतापलं होतं, पण त्या थांबण्यात शहाणपण होतं. ते का, हे जर्मनीतल्या कोलोन शहराकडे पाहिल्यावर कळतं. तिथे ३ मार्च २००९ ला मेट्रोच्या खड्ड्याशेजारची शहराच्या ऐतिहासिक दफ्तरखान्याची इमारत कोसळली. दोघांचा जीव गेला आणि शतकानुशतकांची कागदपत्रं ढिगाऱ्यात गेली. खड्ड्याच्या भिंतीतला दोष त्याच्या मुळाशी होता. म्हणून इमारत हलते का हे मोजायला तुमच्या इमारतीवर बसवलेले बारीक आरसे किंवा भेगांवर चिकटवलेल्या मोजपट्ट्या काढायला सांगू नका. त्यांची मोजमापं ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली म्हणून काम थांबलं, तर ते थांबणं तुमच्यासाठीच असतं. अशा वेळी विचारायचं ते इतकंच: मर्यादा किती होती, मोजमाप किती आलं, आणि पुन्हा सुरू करायचं हे कुणी ठरवलं.

जुन्या शहरांत पुरातत्त्वाचा प्रश्न येतो. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीची मेट्रो २००६ पासून रखडत ३० नोव्हेंबर २०२४ ला सुरू झाली, आणि त्या काळातला मोठा भाग एका स्थानकात सापडलेल्या प्राचीन रस्त्याचं काय करायचं या वादात गेला. तुमच्या प्रश्नात याचा उल्लेख नाही, म्हणून यावर जास्त लिहीत नाही.

शेवटचा टप्पा मात्र नीट समजून घ्या, कारण बहुतेक फसवे आकडे तिथे जन्मतात. 'काम ९० टक्के पूर्ण' असा फलक तुम्ही नक्की पाहिला असेल. ही टक्केवारी काढायची रूढ रीत अशी, की प्रत्येक कामाला त्याच्या खर्चाच्या प्रमाणात वजन द्यायचं. खोदाई, भिंती, स्लॅब, भुयार यांचा खर्च अवाढव्य, म्हणून त्यांचं वजनही अवाढव्य. ती उरकली की आकडा झपाट्यानं चढतो. मागे राहतं ते सिग्नल, हवा खेळवण्याची आणि धूर ओढून घेण्याची यंत्रणा, आगीचे इशारे, फलाटावरचे दरवाजे, संपर्कयंत्रणा, आणि या सगळ्यांची एकत्र चाचणी. यांचा खर्च तुलनेनं कमी, म्हणून टक्क्यांत ती नगण्य दिसतात. वेळ मात्र ती भरपूर खातात. शिवाय त्यांचा क्रम मोडता येत नाही. धूर ओढणारे पंखे चालल्याशिवाय आगीची चाचणी नाही, ती झाल्याशिवाय सुरक्षा प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय प्रवासी नाहीत. ९० टक्के काम झालं म्हणजे ९० टक्के वेळ सरला, असं कुणी समजू नये. मी तर टक्केवारीचा आकडा नागरिकांपुढे ठेवायच्याच विरोधात आहे.

लंडनची एलिझाबेथ लाइन हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. आठ यंत्रांनी ४२ किलोमीटर भुयार खोदून झालं ते २०१५ मध्ये. उद्घाटन डिसेंबर २०१८ ला ठरलं होतं. ३१ ऑगस्ट २०१८ ला, म्हणजे सुमारे तीन महिने आधी, ते होणार नाही असं जाहीर झालं. गाडी धावली २४ मे २०२२ ला, आणि बाँड स्ट्रीट स्थानक त्याच वर्षी ऑक्टोबरात उघडलं. भुयार तयार असताना सात वर्षं कशात गेली? स्थानकांतली यंत्रणा पुरी झालेली नव्हती, आणि एकाच गाडीला मार्गावर तीन वेगवेगळ्या सिग्नल यंत्रणांतून जायचं होतं, तिथली सॉफ्टवेअरची जुळणी काही केल्या बसत नव्हती. सरकारी खर्च तपासणाऱ्या ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसनं २०१९ मध्ये तपासणी केली. त्यातून दिसलं ते असं, की डिसेंबर २०१८ ही तारीख काहीही करून गाठायची म्हणून एकामागून एक व्हायची कामं एकमेकांवर चढवली गेली आणि चाचणीची मुदत आवळत नेली गेली. तारीख पाळण्याच्या हट्टानंच उशीर आणि खर्च वाढवला. लोकांचा सारा जोर उद्घाटनाच्या तारखेवर पडू नये असं मी म्हणतो, ते यासाठी. त्या जोराखाली सगळ्यात आधी चाचण्याच कापल्या जातात.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर, उशिराच्या तीन जाती आहेत. जमिनीनं आणि सुरक्षेनं घडवलेला उशीर सोसावा. वाहिन्यांमुळे होणारा बराचसा उशीर आधी पैसे आणि वेळ खर्चून, खाली काय आहे ते पाहायला चाचणी खड्डे घेतले असते तर टळला असता. आणि बिलं, मंजुऱ्या, दावे यांत अडकलेला उशीर हा सरळसरळ माणसांनी केलेला असतो, त्याचा जाब मागावा.

आता तुमचा खरा प्रश्न: खोटं बोलतात का?

सुरुवातीची तारीख जाहीर होते तेव्हा बहुधा कंत्राटदार नेमलेला नसतो, भूगर्भाची चाचणी मोजक्या ठिकाणी झालेली असते, वाहिन्यांची खातरजमा व्हायची असते. ती तारीख म्हणजे सगळं मनासारखं घडलं तरच गाठता येईल असा दिवस. पैसा मिळवायचा असेल, मंजुरी हवी असेल, तर लवकरची तारीख आणि कमी खर्च सांगणाऱ्याचं पारडं जड होतं. मोठ्या प्रकल्पांचे अभ्यासक बेंट फ्ल्यूबियर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २५८ वाहतूक प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहापैकी नऊ प्रकल्पांत खर्च अंदाजाहून वर गेला होता, आणि रेल्वे प्रकल्पांत तो सरासरी ४५ टक्क्यांच्या आसपास चढला होता. हा अभ्यास खर्चाचा आहे, वेळेचा नव्हे. पण चूक जवळजवळ नेहमी एकाच दिशेला होत असेल, तर तिला निव्वळ अंदाज हुकणं म्हणता येणार नाही. यावर उपायही माहीत आहे: आपल्या प्रकल्पाचा हिशेब आतून मांडण्यापुरतं न थांबता, तसेच पूर्वी झालेले प्रकल्प घ्यायचे, त्यांना खरोखर किती वेळ लागला ते पाहायचं, आणि अंदाज त्यावर बेतायचा. ब्रिटनमध्ये वाहतूक प्रकल्पांसाठी २००४ पासून ही पद्धत वापरात आली.

मधल्या तारखांची गोष्ट वेगळी, आणि मला ती जास्त खटकते. जागेवरच्या अभियंत्याला उशीर सहा-आठ महिने आधी दिसतो. तो अहवालात लिहितो. वर जाताना प्रत्येक पायरीवर त्याची धार थोडी बोथट होते. 'नऊ महिने मागे' याचं 'मागे आहोत, पण भरून काढू' होतं, आणि सर्वांत वरच्या टेबलावर 'आव्हानं आहेत' एवढंच उरतं. यात एकही माणूस खोटं बोललेला नसतो, तरी तुमच्यापर्यंत खरं पोचत नाही.

याहून मोठं कारण कंत्राटात आहे, आणि बाहेर ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. उशीर झाला की तो कुणामुळे यावर मोठ्या रकमा ठरतात. ठेकेदारामुळे झाला तर त्यानं दंड भरायचा. मालकानं, म्हणजे काम देणाऱ्या संस्थेनं, जागा किंवा नकाशे उशिरा दिले असतील, तर मुदतवाढ द्यायची आणि जास्तीचा खर्चही. असे दावे पुढे लवादापुढे जातात, आणि तिथे जाहीर निवेदनातलं एखादं वाक्यसुद्धा पुरावा म्हणून मांडलं जाऊ शकतं. त्यामुळे 'जागेचा ताबा आमच्याकडून उशिरा दिला गेला' असं कुणी अधिकारी बैठकीत बोलत नाही, कारण त्याला तसं न बोलण्याचा सल्ला मिळालेला असतो. 'तांत्रिक कारणं' हे शब्द तिथून येतात. हे मला पटतं असं नाही. लोकांच्या पैशानं चाललेल्या कामात दाव्याची भीती ही माहिती दडवण्याची सबब होऊ नये. पण हे ठाऊक असलं की 'चूक कुणाची' असं विचारण्याऐवजी 'उरलंय काय' असं विचारावं हे सुचतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही म्हणून माणूस गप्प बसतो. दुसऱ्याचं तो देऊ शकतो.

हे सगळं कुठेच धड होत नाही का? होतं. माद्रिदनं १९९९ ते २००३ या काळात मेट्रोसूर हा सुमारे ४० किलोमीटरचा, २८ स्थानकांचा मार्ग आखून, बांधून सुरू केला. त्या विस्ताराची सूत्रं मानुएल मेलिस मायनार या स्थापत्य अभियंत्याकडे होती. निर्णय घेणारी अनुभवी अभियंत्यांची छोटी फळी सरकारकडेच होती, सल्लागारांच्या साखळीवर भिस्त नव्हती. स्थानकांचे नकाशे साधे आणि एकमेकांसारखे ठेवले, न चाचपलेलं तंत्रज्ञान टाळलं, आणि निविदा निव्वळ कमी किंमत पाहून दिल्या नाहीत. हा मार्ग उपनगरांतला, तिथे मोकळी जागा होती, हे लक्षात घ्यायला हवं. दाट वस्तीतल्या कामाला तो वेग जसाच्या तसा लावता येणार नाही. पण मंजुरीची फाइल महिनोन्महिने न फिरणं, हे कोणत्याही जमिनीवर जमण्यासारखं आहे.

आता तुम्ही काय करावं. माझ्या मते तुमचा जोर सगळ्यात आधी रस्त्यावर लावा. गाडी सुरू होणं आणि रस्ता मोकळा होणं या दोन घटनांत कित्येक वर्षांचं अंतर असू शकतं. स्थानकाचा वरचा स्लॅब झाला, त्यावर माती भरली, की रस्त्याचा मोठा भाग परत देता येतो. खाली फरशा, जिने, सिग्नल यांचं काम चालू राहतं. तरीही पत्रे जागचे हलत नाहीत, कारण ठेकेदाराला तो पट्टा साठ्यासाठी, केबिनसाठी, गाड्या वळवायला सोयीचा असतो. कंत्राटात रस्ता परत करण्याची वेगळी मुदत नसेल तर त्याला घाई करायचं कारणच नाही. म्हणून विचारा: वरचा स्लॅब पूर्ण झाला का? पत्र्यांच्या आतली कोणती जागा आज कशासाठी वापरली जाते? साठा दुसरीकडे हलवला तर किती मीटर रस्ता सुटेल? जागेचा नकाशा समोर ठेवूनच उत्तर मागा. अशा बैठकीनंतर एक मार्गिका, एक पदपथ, दुकानांपुढचा काही भाग मोकळा झालेला मी पाहिला आहे. यासाठी मोठ्या धोरणाची गरज लागत नाही, जागेवरचा प्रकल्प व्यवस्थापक पुरतो.

एडिंबरानं पहिल्या अनुभवानंतर न्यूहेवनपर्यंतच्या विस्तारात हेच धोरण म्हणून घेतलं. एक पट्टा एकदाच खोदायचा, त्यात वाहिन्या, रूळ, रस्ता सगळं उरकायचं आणि मग परत द्यायचा. तोच रस्ता पुन्हापुन्हा उकरायचा नाही. बाधित दुकानदारांसाठी मदतीची तरतूद वेगळी ठेवली. तो भाग जून २०२३ मध्ये सुरू झाला, ठरवून दिलेल्या २० कोटी ७३ लाख पौंडांच्या अंदाजात. शहर तेच, रस्त्याखालचा गुंता तोच.

दुसरा जोर माहितीवर लावा. नवी तारीख मागितली की नवी तारीख मिळते, आणि तिलाही तोच आजार असतो. त्याऐवजी पुढच्या सहा महिन्यांत पुऱ्या व्हायच्या चार-पाच ठोस कामांची यादी मागा, अशी कामं की झाली की नाही ते कुणालाही पडताळता येईल. तळाचा स्लॅब, एका प्रवेशद्वाराची रचना, वीजपुरवठा चालू होणं, गाडी पहिल्यांदा स्थानकात येणं. आणि प्रत्येकापुढे एक ओळ: हे कशावर अडलेलं आहे, आणि ते सोडवणं कोणाच्या हातात आहे. दर महिन्याला तीच यादी पुन्हा, झालं-न-झालं अशा खुणेसह, पत्र्यांवरच चिकटवलेली. यात दोष कुणाचा हे कुठेच लिहावं लागत नाही, म्हणून अधिकाऱ्याला ते देता येतं.

उद्घाटनाबद्दल बोलायचंच असेल तर एका दिवसाऐवजी दोन तारखांमधला पट्टा मागा: लवकरात लवकर कधी, आणि अडचणी आल्या तर उशिरात उशिरा कधी. प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या नियोजन विभागाकडे असा हिशेब असतो, निदान असायला हवा. तो नाहीच असं उत्तर आलं, तर तेही लिहून घ्या, कारण ती फार गंभीर गोष्ट आहे. टोरोंटोच्या एग्लिंटन मार्गाचं उदाहरण घ्या. २०२० चं उद्घाटन पुढे पुढे जात राहिलं, आणि २०२३ मध्ये तो बांधून घेणाऱ्या संस्थेच्या प्रमुखांनी आता तारीख देणार नाही, सुरू व्हायच्या तीन महिने आधी सांगू, अशी भूमिका घेतली. तोवर इतक्या तारखा हुकल्या होत्या की त्यांचा हेतू मी समजू शकतो. पण तारीख नाही आणि यादीही नाही, हे लोकांना मान्य होण्यासारखं नव्हतं. नेमका दिवस सांगता येत नसला, तरी काय उरलंय ते सांगता येतंच.

ॲमस्टरडॅममध्ये घरं खचल्यानंतर २००९ मध्ये नेमलेल्या समितीनं काम पुढे चालू ठेवा असं सांगितलं आणि शेजाऱ्यांशी वागण्याची पद्धत बदलायलाही बजावलं. पुढे मध्यवर्ती रोकिन भागात लोकांना खाली चाललेलं स्थानकाचं काम पाहता येईल अशी जागा खुली केली गेली. तुमच्या ठिकाणी एवढं लगेच होणार नाही. पण पत्र्यांमध्ये दर काही मीटरवर जाळीची किंवा पारदर्शक खिडकी बसवून घ्या, ही मागणी पहिल्याच बैठकीत ठेवा. तिला खर्च जवळजवळ नाही. आणि काम चालू असेल तेव्हा ते दिसलं, तर निम्मे तंटे तिथेच मिटतात.

एक विनंती. दारावरच्या रक्षकावर, पाळीवरून सुटलेल्या कामगारांवर राग काढू नका. उशिराची झळ त्यांनाही बसते. बिल अडकलं की आधी त्यांचे पगार थकतात, आणि तारीख गाठायची घाई झाली की रात्रपाळ्या त्यांच्याच वाढतात. अपघातही अशाच घाईत होतात.

अर्ज लिहाल तेव्हा तो प्रकल्पाच्या जनसंपर्क विभागापुरता ठेवू नका. एक प्रत प्रकल्प व्यवस्थापकाला, एक वाहतूक पोलिसांना, एक रस्त्याची मालकी असलेल्या नगर प्रशासनाला. रस्ता बंद ठेवायची परवानगी ठरावीक मुदतीची असते आणि ती वाढवून घ्यावी लागते. पुढची वाढ कधी आहे ते शोधा आणि त्याआधी आपला नकाशा, नोंदवही आणि परत हव्या असलेल्या मीटरांचा आकडा त्या टेबलावर पोचवा. तिथे परवानगी सही होण्यापूर्वी 'इतका भाग आधी सोडा' अशी अट घालता येते, आणि सही झाल्यावर पुढच्या वाढीपर्यंत थांबावं लागतं.